‘दुर्लक्ष कर’ एवढ्यावर त्या मुलाचं भागत नाही

प्रश्न विचारणाऱ्या ताई नाशिकहून लंडनला आल्या आहेत आणि शहराच्या आग्नेय भागातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या वर्गात बारा वर्षांचा एक मुलगा आहे. आईवडील नायजेरियाचे, त्याचा जन्म मात्र इथलाच. जेवणाच्या सुट्टीत एका मुलाने त्याच्याकडे बघून माकडाचे आवाज काढले. याने त्याला ठोसा मारला. शाळेने दोघांना सारखीच शिक्षा दिली. आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “त्याला सांगा, दुर्लक्ष कर आणि अभ्यास कर.” तेव्हापासून मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. ताई विचारतात, मी त्याच्याशी काय बोलू? आणि मुळात ते बोलणं माझं काम आहे का?

आधी थेट उत्तर देते. होय, बोला, आणि याच आठवड्यात बोला. मी लंडनच्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे नायजेरिया, घाना, सोमालिया, काँगो इथून आलेल्या कुटुंबांची मुलं सतत येत असतात. बहुतेकदा ती मारामारीमुळेच पाठवलेली असतात, आणि मारामारीच्या आधी काय झालं होतं हे त्यांना क्वचितच कोणी नीट विचारलेलं असतं. तुमच्या विद्यार्थ्याची खरी अडचण मला तिथे दिसते. त्याने ते आवाज ऐकले. मग शाळेने सांगितलं, तुम्ही दोघंही सारखेच चुकलात. घरी आईने सांगितलं, सोडून दे. जे घडलं ते घेऊन जायला त्याला कुठे जागाच उरली नाही. अशा वेळी बारा वर्षांचं मूल एक तर पुन्हा हात उचलतं किंवा गप्प बसतं. तो गप्प बसला आहे, म्हणून शाळेला वाटतंय की प्रकरण मिटलं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या तुम्हालाच पाहाव्या लागतील. आग्नेय लंडनमधल्या पेकम किंवा थेम्समीडच्या शाळेत पश्चिम आफ्रिकन घरांतली मुलं भरपूर असतात. तिथे अशा मुलाच्या पाठीशी निदान चार मित्र उभे राहतात. इंग्लंडच्या लहान गावात हेच घडलं तर कदाचित अख्ख्या वर्गात तो एकटा असतो. २०२२ च्या सुरुवातीला वृद्धांची आणि आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या कामगारांसाठी व्हिसा खुला झाला आणि नायजेरिया, झिंबाब्वे, घाना इथली कितीतरी कुटुंबं अशा गावांत पोचली. आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत लागोस किंवा हरारेत वाढलेलं मूल आणि इथेच जन्मलेलं मूल यांच्यातही फरक पडतो. पहिल्याला निदान माहीत असतं की जग असं नसतंही. सोमाली मुलगी हिजाब घालत असेल तर तिच्यावर दोन्ही बाजूंनी मारा होतो, रंगावरून आणि धर्मावरून. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात आवाज काढणारा मुलगा कोण होता हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो गोराच असेल असं धरून चालू नका. याबद्दल पुढे बोलते.

आता त्या आईबद्दल. तुमच्या प्रश्नात तिच्याविषयी थोडी नाराजी दिसली. तिची बाजू समजली नाही तर पुढचं काहीच नीट होणार नाही, म्हणून इथे जरा थांबते. ही बाई लागोसमध्ये किंवा इबादानमध्ये वाढली असेल तर तिच्या बालपणी शिक्षक, डॉक्टर, न्यायाधीश, पोलीस, मंत्री, चोर, सगळेच काळे होते. तिथे जमातीचे, धर्माचे, पैशाचे भेद होते आणि ते तिने सोसलेही असतील. पण ‘तू काळी आहेस’ म्हणून तिला शाळेत कोणी खिजवलं नाही. वर्णद्वेष तिला भेटला तो मोठेपणी, विमानतळावर आणि नोकरीच्या मुलाखतीत, हातात पदवी असताना. तोवर आपण कोण आहोत हे तिच्या मनात पक्कं झालं होतं. म्हणून ‘दुर्लक्ष कर’ हा उपाय तिला खरोखरच लागू पडला. मुलाला हीच गोष्ट पाचव्या-सहाव्या वर्षी भेटते, जेव्हा आपण कोण हे अजून ठरायचं असतं. त्या वयात जे कानावर पडतं त्यातूनच तर ते ठरतं! आईच्या बालपणात या प्रसंगाला उत्तर नाही, कारण तिच्या बालपणात हा प्रसंगच नव्हता.

कॅरिबियन घरांशी तुलना केली की हे अधिक नीट कळतं. जमैका, बार्बाडोसहून आलेल्या पिढीची मुलं १९६० आणि ७० च्या दशकांत इथल्या शाळांत गेली. त्यांतल्या पुष्कळ मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या शाळांत टाकलं गेलं, आणि आईबाप त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांनी शनिवारच्या शाळा काढल्या. १९९३ मध्ये लंडनच्या एल्टम भागात बसस्टॉपजवळ स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याचे आईवडील जमैकाहून आलेले होते. त्यांनी पोलिसांविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि त्यातून त्या खुनाच्या पोलीस तपासाची चौकशी करणारा १९९९ चा मॅकफर्सन अहवाल आला. कॅरिबियन घरातल्या आजीला शाळेत जाऊन काय बोलायचं हे माहीत असतं, ते तिने स्वतःच्या अंगावर घेतलेलं असतं. १९९० नंतर आलेल्या नायजेरियन आईला ही शिदोरी मिळालेली नसते. त्यात या दोन समाजांत नेहमी सख्य होतं असंही नाही. आज चाळिशीत असलेले कितीतरी आफ्रिकन वंशाचे पालक सांगतात की लहानपणी ‘आफ्रिकन’ म्हणून चिडवणाऱ्यांत कॅरिबियन घरची मुलंही होती.

आईच्या गप्प राहण्याचं आणखी एक कारण असू शकतं: कागदपत्रं. १ जानेवारी १९८३ पासून ब्रिटनमध्ये जन्मलं म्हणजे ब्रिटिश नागरिक, असं राहिलेलं नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील नागरिक असावे लागतात किंवा त्यांना इथे कायम राहण्याची परवानगी असावी लागते. नाहीतर मूल इथेच जन्मून, इथलीच बोली बोलून नागरिक नसतं. जन्मापासून सलग दहा वर्षं इथे राहिलं तर त्याची नागरिक म्हणून नोंदणी करता येते. तिची फी मोठी आहे, हजार पौंडांच्या घरात. ज्यांना ती खरोखर परवडत नाही अशा मुलांसाठी २०२२ पासून माफीचा अर्ज करता येतो, पण हे कित्येक घरांना ठाऊकच नसतं. शिवाय दहा वर्षांवरच्या मुलाच्या अर्जात त्याचं वर्तन चांगलं आहे का हेही पाहिलं जातं. इंग्लंडमध्ये गुन्ह्याची जबाबदारीही दहाव्या वर्षीच सुरू होते. म्हणजे मैदानावरच्या एका ठोशात शाळेने पोलिसांना बोलावलं तर त्याची सावली मुलाच्या नागरिकत्वावर पडू शकते. ज्या आईच्या डोक्यावर अडीच-अडीच वर्षांनी नूतनीकरण होणारा परवाना टांगलेला आहे ती ‘मान खाली घालून रहा’ असं म्हणते तेव्हा ती भित्री नसते. ती हिशेब करत असते. तुमच्या विद्यार्थ्याच्या घरी असंच आहे असं मी म्हणत नाही. त्यांना त्याबद्दल विचारूही नका. फक्त ही शक्यता मनात ठेवून बोला.

आता मुलाशी काय बोलायचं. वर्गात, मित्रांसमोर काढू नका. समोरासमोर खुर्ची टाकून ‘जरा बस, बोलायचंय’ असंही नको, कारण त्या खुर्चीवर त्याला आजवर फक्त ओरडाच मिळालेला आहे. वह्या गोळा करताना, फळा पुसताना, दार उघडं ठेवून बोला. “त्या दिवशी तुझ्याकडे बघून माकडाचे आवाज काढले गेले हे मला कळलं. तो वर्णद्वेष होता. ते तुझ्या बाबतीत घडायला नको होतं.” एवढं पुरे. ‘वर्णद्वेष’ हा शब्द तुमच्या तोंडून आला पाहिजे, त्याच्या तोंडून काढून घ्यायचा नाही. ही मुलं तो शब्द वापरायला घाबरतात, कारण वापरला की मोठी माणसं लगेच ‘असं नसेल रे, तुझा गैरसमज झाला असेल’ म्हणतात. ठोशाबद्दल त्याने स्वतः विचारलं तर खरं ते सांगा: हात उचलण्याची शिक्षा वेगळी, आणि त्या मुलाने जे केलं त्याची जबाबदारी वेगळी. एकामुळे दुसरी पुसली जात नाही. मग विचारा, “असं आधी कधी झालंय?” आणि थांबा. कदाचित त्या दिवशी तो काहीच बोलणार नाही. हरकत नाही. माझ्या अनुभवात ही मुलं बऱ्याचदा काही दिवसांनी, भलत्याच वेळी, भलत्याच विषयातून सुरुवात करतात.

‘मलाही भारतीय म्हणून असं सोसावं लागलंय’ हे पहिल्या भेटीत सांगू नका. तुम्हाला ते जवळीक साधण्यासाठी सांगावंसं वाटेल आणि ते खरंही असेल. पण त्याची गोष्ट अजून पुरी झालेली नसताना तुमची सुरू होते. आणि ‘तू दुप्पट मेहनत कर आणि त्यांना दाखवून दे’ हे तर अजिबात नको. ते त्याला घरी, चर्चमध्ये, मामाकाकांकडून रोज ऐकायला मिळतं. त्यातून मूल एवढंच शिकतं की मला सन्मान मार्कांच्या बदल्यात मिळतो. जुलै २०२१ मध्ये फुटबॉलच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या बुकायो साकाची पेनल्टी अडवली गेली. लंडनमध्ये नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, देशासाठी खेळत होता, आणि त्याच रात्री त्याच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. तेव्हा प्राथमिक शाळेत असलेल्या मुलांनी ते पाहिलं आहे. गोल झाला तर आपला, हुकला तर परका, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. म्हणून यशाची अट न घालता त्याला ‘तू इथलाच आहेस’ असं वागवणारा एक तरी मोठा माणूस शाळेत लागतो.

शाळेच्या बाजूला तुम्हाला कागद हलवावा लागेल. पुष्कळ शाळा नोंदींसाठी सीपॉम्ससारखी संगणक प्रणाली वापरतात, तुमच्याकडे जी असेल तिच्यात ही घटना कशी नोंदली आहे ते पहा. ‘मित्रांमधला वाद’ किंवा ‘अयोग्य भाषा’ असं लिहिलं असेल तर तुमची स्वतंत्र नोंद घाला: तारीख, जागा, काय आवाज काढले, कोण तिथे होतं, मुलाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं. मॅकफर्सन अहवालाने वर्णद्वेषी घटनेची व्याख्या केली आहे ती इथे उपयोगी पडते. ज्याला ती सोसावी लागली त्याला किंवा दुसऱ्या कुणालाही ती वर्णद्वेषी वाटली तर ती तशी नोंदवायची. खरं-खोटं चौकशीत ठरेल, पण नोंद आधी. आज अशा घटना कौन्सिलला कळवण्याची सक्ती इंग्लंडमधल्या शाळांवर नाही, त्यामुळे शाळेतच नोंद झाली नाही तर ती कुठेच होत नाही. मग मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या शिक्षकांकडे, म्हणजे सेफगार्डिंग लीडकडे, आणि हेड ऑफ इयरकडे, म्हणजे त्या इयत्तेच्या प्रमुखांकडे, जा. आवाज काढणाऱ्या मुलाबाबत शाळेने काय केलं, ते कोणत्या नियमाखाली केलं, एवढंच विचारा. २०१० च्या समानता कायद्याखाली एका मुलाने दुसऱ्याला दिलेला त्रास थेट शाळेच्या माथी येत नाही. पण वर्णावरून दिलेला त्रास शाळा बाकीच्या छळापेक्षा हलका धरत असेल तर तो बेकायदा भेदभाव ठरू शकतो. ही गोष्ट मुख्याध्यापकांना माहीत असते. शांतपणे आठवण करून दिली तरी काम होतं. पालकांना पुढे जायचंच असेल तर आधी शाळेची तक्रारप्रक्रिया आहे, मग गव्हर्नर मंडळ, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणारी समिती. कोर्टात दावा करायची मुदत सहा महिन्यांची असते, म्हणून तारखा जपून ठेवायच्या.

शिक्षा सारखी दिली गेली यात आणखी एक गोष्ट दडलेली असू शकते. काळ्या मुलांना मोठी माणसं त्यांच्या वयापेक्षा थोराड समजतात. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की काळ्या मुली लोकांना त्यांच्या वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि कमी आधाराची गरज असलेल्या वाटतात. लंडनमध्ये हॅकनीच्या एका शाळेत २०२० मध्ये पोलिसांनी पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीची कपडे उतरवून झडती घेतली, घरच्यांना न कळवता. २०२२ च्या चौकशी अहवालाने म्हटलं की यामागे वर्णद्वेष असण्याचा संभव आहे. इतकं टोकाचं रोज घडत नाही. रोज घडतं ते लहान असतं: उंच, दणकट बारा वर्षांचा मुलगा रडवेला झाला तर तो ‘उर्मट दिसतो’, आणि शेजारचा गोरा मुलगा तसाच उभा असला तर ‘बिचारा घाबरलाय’. स्टाफरूममध्ये तुमच्या या विद्यार्थ्याबद्दल कोणती विशेषणं वापरली जातात ती एकदा कान देऊन ऐका.

आईला पुन्हा फोन करा, पण या वेळी तक्रारीचा नको. आधी त्याच्या गणिताबद्दल काहीतरी चांगलं आणि खरं सांगा. तिला शाळेकडून आलेले फोन बहुधा सगळे वाईट बातमीचेच असतील. मग म्हणा, “त्या दिवशी त्याला जे ऐकावं लागलं ते शाळेने गांभीर्याने घ्यायला हवं, असं मला वाटतं.” ती रात्रपाळी करत असेल तर भेटीची वेळ तिच्या सोयीने ठेवा. पुष्कळ नायजेरियन आणि घानेयन घरांत चर्चचं स्थान मोठं असतं. बैठकीला पास्टर किंवा चर्चमधली एखादी वडीलधारी बाई आली तर आईला बळ येतं, आणि शाळेला ती सोबत नाकारायचं काही कारण नसतं. तिच्या ‘दुर्लक्ष कर’ला खोडू नका. मी अशा आयांना सांगते की तुमचं म्हणणं रस्त्यावर ठीक आहे, बसमध्ये ठीक आहे, पण घरी आल्यावर त्याला एवढं विचारा की आज काय झालं, आणि उपाय न सांगता ऐका. योरुबा किंवा इग्बो बोलणं, घरचा इतिहास, गावाकडची माणसं हे सगळं त्याला आई पुरवू शकते, आणि त्याचा आधार मोठा असतो. पण त्याबरोबर ‘लोक तुझ्याशी असं वागतील, आणि तो दोष तुझा नसेल’ हेही कुणीतरी सांगावं लागतं. पहिलं बहुतेक आफ्रिकन घरं उत्तम करतात. दुसरं करायला त्यांना मदत लागते.

आणि आता आपल्या लोकांबद्दल, कारण मी हे मराठीत लिहिते आहे. आवाज काढणारा मुलगा आपल्यापैकीच कुणाच्या घरचा असू शकतो. हॅरो, वेम्बली, स्लाव इथल्या भारतीय घरांतून मी ‘त्या मुलांबरोबर फिरू नकोस’ हे वाक्य कितीदा तरी ऐकलं आहे. ते मराठीत आणि गुजरातीत म्हटलं जातं, शाळेला कळत नाही, पण मुलं ते इंग्रजीत मैदानावर घेऊन जातात. गोऱ्या रंगाचं आपलं वेड मुलांना दुसरीकडून शिकावं लागत नाही. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारलं होतं. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलांना घर भाड्याने मिळवताना काय ऐकावं लागतं, हे पुणेकरांना विचारावं लागू नये. आपण शाळेत मलिक अंबर शिकलो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला तो माणूस निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, जमीनमहसुलाची घडी बसवली. मार्कांपुरतं ते पाठ केलं आणि पुढे गेलो. तुम्हाला इथली मराठी कुटुंबं भेटत असतील तर जेवणाच्या पंगतीत हा विषय निघाला की गप्प बसू नका. एखादी मराठी शिक्षिका घरच्या भाषेत ‘आमच्या वर्गात काय झालं ऐका’ म्हणून सांगते, तेव्हा लोक ऐकतात.

एका गोष्टीची काळजी घ्या: चांगले मार्क पाहून निश्चिंत होऊ नका. इंग्लंडमध्ये आफ्रिकन वंशाची मुलं दहावीच्या वयाच्या परीक्षांत सरासरीच्या आसपास किंवा थोडी वरच असतात. म्हणून शाळांना वाटतं, इथे काही प्रश्न नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत पहिल्या नंबरची मुलंही असतात. सोमवारी सकाळी पोट दुखणं, झोप न लागणं, त्वचा खरवडून धुणं, आईने शाळेत येऊ नये असा हट्ट, घरची भाषा अचानक बोलायची बंद होणं, यांतलं काही दिसलं किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल तो काही बोलला तर एकटीने सांभाळू नका. समुपदेशकाकडे आणि सेफगार्डिंग लीडकडे त्याच दिवशी जा. घरचे डॉक्टरकडे जायला कचरतील. मानसिक आरोग्याच्या व्यवस्थेने काळ्या माणसांना सक्तीने भरती केल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात, आणि त्या खोट्या नाहीत. त्यांना घाई करू नका, पण शाळेतली मदत लगेच सुरू करा.

शेवटी तुमच्या विषयाचं. मुलांच्या कुवतीनुसार केलेले गणिताचे गट पुढच्या सत्रात पुन्हा पाडले जातील. त्याच्या ठोशानंतरच्या आठवड्यांत तो बोलत नाही, हात वर करत नाही, गृहपाठ अर्धा देतो, आणि याच आठवड्यांवरून कुणीतरी त्याला खालच्या गटात टाकेल. त्याच्या आधीच्या चाचण्या काढून ठेवा आणि गट ठरवण्याच्या बैठकीला त्या घेऊन जा. आवाज काढणाऱ्या मुलाबाबत शाळेने जे ठरवलं ते त्याला सांगता येण्यासारखं असेल तेवढं तुम्ही स्वतः जाऊन सांगा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा की तेव्हापासून कुणी काही बोललं का. काय झालं ते कळवा, मी वाचेन.